मासे नसलेली टाकी रिकामी नसते

“मासे नाहीत, मग टाकी कशाला?” हा प्रश्न श्रीगोंद्यात मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता त्याचं सविस्तर उत्तर देणं भाग आहे. विचारणाऱ्यांत शेजारी आहेत, नातेवाईक आहेत, सोबत शिकवणारे शिक्षकही आहेत. प्रश्नामागोमाग आक्षेप येतात. साचलेल्या पाण्यात डास होतील. दुष्काळी तालुक्यात हौसेपायी पाणी वाया घालवणं बरं नव्हे. माशांच्या विष्ठेशिवाय झाडं जगणार कशी? आणि सगळ्यात शेवटी, देवाविना देऊळ कसलं? ही मंडळी माझ्या भल्याचंच बोलतात, म्हणून प्रत्येक मुद्द्याचा नीट विचार केला. तरी माझं मत त्यांच्या उलट आहे. श्रीगोंद्याचं पाणी, इथला उन्हाळा आणि इथली वीज बघता बहुतेक घरांनी मासे आणूच नयेत. काचेच्या टाकीची हौस असेल तर ती फक्त पाणवनस्पतींची ठेवावी.

आधी माशांचंच बोलू, कारण ते नकोत असं म्हणणारीला कारण द्यावं लागतं.

पोराचा वाढदिवस असतो किंवा नवं घर बांधलेलं असतं. नगरहून नाहीतर पुण्याहून काचेचं गोल भांडं येतं, प्लास्टिकच्या पिशवीत दोन गोल्डफिश येतात. भांड्यात नळाचं पाणी ओतलं जातं आणि मासे त्याच दिवशी त्यात सोडले जातात. घरातलं जो तो येताजाता खाणं टाकतो. आठ-पंधरा दिवसांत एक मासा कडेला तोंड वर काढून हवा घेऊ लागतो, मग तिरका पोहतो, मग एका सकाळी पोट वर करून तरंगताना दिसतो. अशा वेळी घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, “घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं.” सगळ्यांना बरं वाटतं आणि रविवारी दुसरा मासा येतो.

हे वाक्य मला सहन होत नाही. त्या माशानं कुणाचंही संकट घेतलेलं नसतं. तो अमोनियानं मेलेला असतो, आणि तो अमोनिया त्याच्याच कल्ल्यांतून आणि तळाशी कुजणाऱ्या खाण्यातून त्या पाण्यात साठलेला असतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत काही जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी सोडलेल्या माशाला तेवढा वेळ कोण देतं? त्यातून आपलं पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्याचा पीएच आठच्या आसपास असतो. अमोनियाचा खरा विषारी भाग पीएच आणि तापमान वाढेल तसा वाढतो. पाणी तीस अंशांवर असताना पीएच 7 ला एकूण अमोनियापैकी शेकडा एकापेक्षाही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 ला तोच भाग शेकडा सातच्या वर जातो. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो, त्या दिवसांत घरातल्या भांड्यातलं पाणी तीस अंशांवरच असतं. ज्या पाण्याला आणि ज्या ऋतूला मासा सगळ्यात कमी तोंड देऊ शकतो, नेमक्या त्यांच्याच हवाली आपण त्याला करतो.

विजेची गोष्ट आणखी सरळ आहे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात प्राणवायू आधीच कमी, आणि तो भरून काढायचं काम पंपाचं. डीपी जळाली, वादळात तार तुटली, रात्रभर वीज नाही, की पंप बंद. माशांनी भरलेली टाकी अशा एका रात्रीत संपते. वनस्पतींच्या टाकीला त्या रात्रीनं काही होत नाही. झाडंही रात्री श्वसन करतात, पण सकाळी उजाडलं की पुन्हा कामाला लागतात. नगरपालिकेच्या पाण्यात एखाद्या दिवशी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, जास्त पडली तरी तेच. मासा तडफडतो, वनस्पती निभावून नेते.

मोठी टाकी घेऊन, ती महिनाभर मुरवून, पाणी तपासून, इन्व्हर्टर लावून मासे पाळणारे लोकही आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांचा अभ्यास मोठा आहे. पण “शोभेला दोन मासे सोड की” असं म्हणणाऱ्यांपैकी कुणालाही इतकं करायचं नसतं.

आता डासांचा आक्षेप. हा सगळ्यात वजनदार आहे आणि तो मी पूर्ण मान्य करून पुढे जाते. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणूनच कोरडा दिवस पाळताना पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. कंटेनर तपासायला आमच्याकडे येणाऱ्या आशाताईंनी टाकी बघितल्याबरोबर गप्पी मासे सोडायला सांगितलं. त्यांचं काम त्यांनी चोख केलं. मीही त्यांना माझी व्यवस्था दाखवली आणि त्यांनी टॉर्च मारून पाण्याचा कोपरा न् कोपरा बघितला.

व्यवस्था साधी आहे. टाकीवर लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत ताणून बसवलेली मच्छरदाणीची जाळी आहे, कुठेही फट नाही. दर रविवारी रबरी नळीनं तळातलं एक तृतीयांश पाणी काढते. पातळी खाली गेली की जी काच उघडी पडते ती चारी बाजूंनी खरखरीत फडक्यानं दाबून पुसते आणि मगच नवं पाणी घालते. अळी झालीच तर मासे नसलेल्या टाकीत ती लपत नाही, कारण श्वास घ्यायला तिला पृष्ठभागावर यावंच लागतं. शंका आली तर बीटीआय नावाची जिवाणूजन्य पूड मिळते. ती डासांच्या अळ्या मारते, झाडांना आणि गोगलगाईंना त्रास देत नाही. एवढं केल्यावर गप्पी माशांचं काम उरत नाही. मुळात गप्पी दक्षिण अमेरिकेतला, आणि डासांच्या अळ्यांसाठी सोडला जाणारा दुसरा मासा, गंबुशिया, उत्तर अमेरिकेतला. गंबुशिया भारतात 1928 साली आणला गेला. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आज त्याचं नाव आहे, कारण तो स्थानिक माशांची अंडी-पिल्लं फस्त करतो. आरोग्य खात्यानं आपल्या देखरेखीखाली बंदिस्त पाण्यात गप्पी सोडणं वेगळं. घरातला गप्पी महिन्या-महिन्याला पिल्लं देतो, ती वाढली की टाकीत मावत नाहीत, आणि शेवटी कुणीतरी ती ओढ्यात नाहीतर कालव्यात ओतून येतं.

ज्यांना झाकण आणि आठवड्याची सफाई जमणार नाही, त्यांनी वनस्पतींचीही टाकी ठेवू नये. यात मी सवलत देत नाही.

पाणी वाया जाण्याच्या आक्षेपाला उत्तर थोडक्यात देता येतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 54 लिटर पाणी राहतं. आठवड्याला अठरा लिटर बदललं तर वर्षाचा हिशेब हजार लिटरच्या आत येतो, आणि ते पाणी गटारात जात नाही. त्यात खताचा अंश असतो, ते कढीपत्त्याला आणि परसातल्या लिंबाच्या झाडाला जातं, जिथे नाहीतरी दुसरं पाणी घालावंच लागलं असतं. एक एकर ऊस मात्र कमीत कमी धरलं तरी हंगामात साठ लाख लिटर पाणी पितो. ऊस लावू नका असं मी म्हणत नाही, तालुक्याची चूल त्यावर पेटते. पण पाण्याच्या हिशेबात बादलीभर पाण्याकडे बोट दाखवायचं आणि कालव्याकडे बघायचं नाही, हा हिशेब मला मान्य नाही.

खताच्या आक्षेपात मात्र मला खरा रस आहे, कारण त्यामागे एक अर्धं सत्य आहे. डायना वॉलस्टॅड यांनी 1999 साली पाणवनस्पतींच्या टाकीवर एक अभ्यासू पुस्तक लिहिलं. टाकीच्या तळाशी साधी माती घाला आणि माशांच्या खाण्यातून वनस्पतींना लागणारी बहुतेक द्रव्यं मिळतात, असं त्यांनी मांडलं. ते खरंच आहे. पण नीट बघितलं तर झाडाला पोसतं ते खाणं, मासा मधला वाहक. वाहक काढून टाकला आणि तीच द्रव्यं थेट पाण्यात घातली तर झाडाचं काहीच बिघडत नाही. आणि ती द्रव्यं मिळवायला श्रीगोंदेकरांना लांब जायची गरज नाही. ठिबकवर लिंबू, डाळिंब, कांदा करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या शेडमध्ये 13:0:45 ची आणि 0:52:34 ची पिशवी असते. पहिलं म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, दुसरं म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. शहरांतले हौशी लोक रंगीत बाटल्यांत महागडं द्रावण विकत घेतात, त्यात बव्हंशी हेच क्षार असतात.

प्रमाण सांगते, कारण इथे हात सैल सोडला तर नुकसान होतं. 54 लिटर पाण्यात 13:0:45 चा जेमतेम एक ग्रॅम टाकला की नायट्रेट लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅमनं वाढतं. 0:52:34 त्याहून फार कमी लागतं. आठ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावं आणि त्यातलं दहा मिलिलिटर टाकावं, की फॉस्फेट लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. लोह आणि इतर सूक्ष्म द्रव्यांसाठी चिलेटेड मिश्रणाची चिमूट पुरते. युरियाला हात लावायचा नाही. जुनी पानं पिवळी पडू लागली तर नत्र कमी, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पालाश कमी, नवा शेंडा फिकट निघाला तर लोह कमी. लिंबाच्या कोवळ्या पानावर हिरव्या शिरा आणि मधला भाग पिवळा दिसला की लोहाची कमतरता ओळखणारा शेतकरी ही टाकी कुठल्याही मुंबईकरापेक्षा चांगली सांभाळू शकेल. टाकीत मासे असते तर एखाद्या वेळी जास्त पडलेल्या खताची किंमत त्यांनी चुकवली असती. इथे फार तर काचेवर हिरवा थर येतो, दिवा सहा तासांवर आणून आणि पाणी बदलून तो आवरता येतो.

आणि जे जड पाणी माशाला घातक ठरतं, ते काही वनस्पतींना मानवतं. पाण्यात बुडून राहणाऱ्या झाडाला कर्बवायू मिळणं अवघड असतं, म्हणून शौकीन लोक कर्बवायूचे सिलिंडर जोडतात. पण हायड्रिला, व्हॅलिसनेरिया आणि सेरॅटोफायलम या तिन्ही वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कर्ब घेऊ शकतात, आणि बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेटच तर भरपूर असतं. माझ्या टाकीत व्हॅलिसनेरियाचं जून पान दोन बोटांत धरून ओढलं तर वरच्या बाजूला बारीक कणीसारखा खरखरीतपणा लागतो. तो चुना आहे. झाडानं बायकार्बोनेटमधला कर्ब खाल्ला आणि कॅल्शियम कार्बोनेट पानावर सोडलं. गिझरच्या कॉइलवर जो थर बसतो म्हणून आपण वैतागतो, तोच थर इथे झाड जेवल्याची खूण आहे. या तिन्ही वनस्पती महाराष्ट्रातल्या तळ्यांत, संथ नद्यांत, कालव्यांत आपोआप वाढतात. लोक त्यांना सरसकट शेवाळ म्हणून बाजूला सारतात.

आता देवाविना देवळाचं. या आक्षेपात एक गृहीतक आहे, की टाकीतलं सजीव म्हणजे मासा आणि झाडं म्हणजे त्याच्यामागचा पडदा. इतिहास तसा नाही. 1779 साली यान इंगेनहाउस यांनी पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात येणारे बुडबुडे बघितले, सावलीत ते थांबतात हे बघितलं, आणि वनस्पती प्रकाशातच प्राणवायू सोडतात हे जगाला सांगितलं. पुढे 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी आपला जो प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यातून घरगुती मत्स्यालयाची कल्पना रुजली, त्यात गोल्डफिश होते खरे. पण त्यांना बघायचं होतं ते हे की व्हॅलिसनेरियाचं झाड पाण्याला जिवंत ठेवू शकतं का. मासे त्या परीक्षेचे साक्षीदार होते, परीक्षा वनस्पतीची होती.

टाकीतलं चैतन्य बघायचं असेल तर दुपारी दिवा लागून तीन-चार तास झाल्यावर समोर बसावं. हायड्रिलाची काडी जिथे कापली गेली असेल त्या टोकातून बुडबुड्यांची एक बारीक सरळ माळ वर जात असते. दिव्याला हातानं आडोसा केला की थोड्या वेळात माळ विरळ होते, हात काढला की पुन्हा दाट होते. माशांच्या टाकीत जे कधी टिकत नाहीत ते बारीक जीवही इथे दिसतात. डाफ्निया उड्या मारत हिरवट पाणी गाळून स्वच्छ करतात, मोहरीएवढे ऑस्ट्राकॉड तळाच्या मातीवरून फिरतात, सायक्लॉप्स झटका देऊन दिशा बदलतात. सायक्लॉप्स म्हटलं की जुन्या लोकांना नारू आठवेल, कारण तो पिण्याच्या पाण्यातल्या सायक्लॉप्समधूनच पसरायचा. तो रोग देशातून गेला, 2000 साली भारत नारूमुक्त ठरला, आणि हे पाणी कुणी पीतही नाही. एक मासा सोडला की हे सगळे जीव एका आठवड्यात त्याच्या पोटात जातात. मग अधिक भरलेली टाकी कोणती म्हणायची?

वनस्पतींच्या हौसेवरही बंधन हवं, आणि ते मी स्वतःहून सांगते, कारण विरोधकांनी हा मुद्दा अजून काढलेला नाही. छाटलेल्या काड्या ओढ्यात, कालव्यात, सरस्वती नदीत किंवा विसापूरच्या तलावात टाकायच्या नाहीत. परकी वनस्पती मोकळी सुटली की काय होतं ते भीमेत आणि उजनीच्या फुगवट्यात जलपर्णीनं दाखवलं आहे. उलट बाजूनंही हेच घडलं. 1950 च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून श्रीलंकेतली हायड्रिला फ्लोरिडात पोहोचली आणि तिथल्या तळ्यांचा गळा तिनं आवळला. छाटणी उन्हात कडकडीत वाळवावी आणि झाडांच्या आळ्यात घालावी. आणि दुर्मीळ वनस्पती उपटून आणायच्या नाहीत. साताऱ्याच्या कासच्या पठारावर वायतुऱ्याची एक जात आहे, तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे आणि ती पश्चिम घाटाच्या मोजक्या पठारांवरच उगवते. तिची जागा पठार आहे, आपली टाकी नाही. आपल्याला कालव्याकाठची हायड्रिला पुरेशी आहे.

हे सगळं मी घरापुरतं बोलत नाही. आमच्या शाळांत हायड्रिलाचा प्रयोग पुस्तकात असतो. काचपात्रात काड्या, त्यावर उलटं नरसाळं, त्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. नळीत वायू साठला की विझत आलेली उदबत्ती आत न्यायची, ती पेट घेते. बहुतेक वर्गांत हा प्रयोग फळ्यावर आकृती काढून संपतो, कारण त्या दिवशी हायड्रिला हाताशी नसते. वर्गात बारमाही टाकी असेल तर प्रयोग कुठल्याही दुपारी होतो. पाण्यात खाण्याचा सोडा चिमूटभर टाकला तर बुडबुडे वाढतात, मुलं ते स्वतः मोजतात. हायड्रिलाचं पान अवघ्या दोन पेशींच्या थरांचं असतं, त्यामुळे ते न कापता थेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतं आणि हिरवे कण पेशीच्या कडेनं रांगेत सरकताना दिसतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं ते बघून भिंगावरून डोळा काढलाच नाही, रांगेतली मुलं मागून ओरडत होती तरी. शाळेत मासे ठेवले तर दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना कोण बघणार? वनस्पतींची टाकी पश्चिमेच्या खिडकीपासून दूर सावलीत ठेवली, जाळी घट्ट बसवली आणि आठवड्यातून एकदा शिपाईमामांनी पाणी बदलून कड पुसून घेतली, तर जूनमध्ये शाळा उघडताना ती हिरवी मिळते.

म्हणून तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे. या जूनमध्ये प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक काचेची टाकी ठेवा. तळाशी बोटभर चाळलेली माती, वर जाड धुतलेली वाळू, त्यात हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया, वर जाळीचं झाकण. काड्या मिळाल्या नाहीत तर माझ्याकडून घेऊन जा, दर छाटणीला भरपूर निघतात. मुलं मासे मागतील. त्यांना आणू नका, आणि का आणले नाहीत ते वर्गात समजावून सांगा.